घरच्या घरी बॅलन्स्ड प्रीअँप: कोणी केलाय का?

खटपट्या
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज विचारूनच टाकतो.

हॉलमधला माझा पसारा असा: कॉम्प्युटरला लावलेला डॅक (डिजिटलचा ऐकायचा सिग्नल करणारा डबा; याला मागे एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची बॅलन्स्ड सॉकेटं आहेत), टीव्ही, आणि बाबांचा टर्नटेबल त्याच्या फोनो स्टेजसकट. तिन्ही एका डब्यात येतात. डब्यात फक्त एक रोटरी स्विच आणि ५० केचा (किलो-ओहमचा) व्हॉल्यूम. तिथून सहा मीटर आरसीए वायर (मध्ये एक तार, भोवती जाळीची शील्ड) भिंतीच्या कडेकडेने पॉवर अँपपर्यंत जाते. पॉवर अँप जुना, कुठल्याशा स्टुडिओतून निघालेला, त्याला फक्त एक्सएलआर इनपुट. सध्या अडॅप्टर लावून भागवतोय.

दुखणं एकच, घूंऽऽ. दिवसा पंख्याच्या आवाजात लपतं, रात्री साडेअकरानंतर काही ऐकायला बसलो की आलापाच्या आधी हाच आलाप सुरू. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी जात नाही.

तर विचार असा की एक बॅलन्स्ड प्रीअँप (पॉवर अँपच्या आधीचा, काय वाजवायचं ते निवडणारा आणि आवाज कमीजास्त करणारा डबा) स्वतःच बनवावा. सोल्डरिंग येतं, कॉलेजात असताना एक-दोन अँप केलेत. कुणी केलाय का? कुठला चिप घ्यावा, चार गँगचा पॉट (एकाच दांड्यावर चार व्हॉल्यूम) कुठे मिळेल?

अडगळ
वाखुसा (वाचनखूण साठवली).

ओसरीवरचा
चांगला विचार आहे. बॅलन्स्डमध्ये एका तारेत सिग्नल सरळ, दुसरीत उलटा. पलीकडे दोघांची वजाबाकी झाली की सिग्नल दुप्पट आणि घूं गायब. त्यामुळे प्रीअँपमध्ये सगळंच दोनदा करायचं, चार चॅनल समजा. म्हणून चार गँगचा पॉट लागतो. खर्च दुप्पट, पण डोकेदुखी कायमची मिटते.

सौदामिनी
ओसरीवरचा, अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच लोकांचे पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या तारेत उलटा सिग्नल असलाच पाहिजे असं नाही. दोन्ही तारांचा ग्राउंडपर्यंतचा इंपिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) सारखा असला पाहिजे, बास. बाहेरून येणारी घूं दोन्ही तारांवर सारखीच बसते ती त्यामुळे, आणि सारखी बसली तरच वजाबाकीत जाते. उद्या तुम्ही दुसऱ्या तारेत काहीच सिग्नल सोडला नाहीत, फक्त पहिल्या तारेला आहे तेवढाच रेझिस्टर लावून ती ग्राउंडला बांधलीत, तरी घूं तेवढीच कापली जाईल. याला इंपिडन्स बॅलन्स्ड म्हणतात. पुष्कळ ऑडिओ मिक्सरच्या मागच्या बाजूला हेच असतं आणि कुणाला पत्ता नसतो.

घरातल्या लँडलाइनचं उदाहरण घ्या. एक्स्चेंजपासून घरापर्यंत काही किलोमीटर एकमेकींत पिळलेल्या दोन तारा, कितीतरी वेळा विजेच्या तारांच्या शेजारून, आणि त्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र शील्डसुद्धा नाही. तरी पलीकडची मावशी नीट ऐकू यायची. ही पिळलेल्या जोडीची युक्ती ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये पेटंट केलेली आहे.

दुसरी गोष्ट, घूं कापायचं काम देणाऱ्याचं नसतं, घेणाऱ्याचं असतं. म्हणजे खटपट्यांच्या सहा मीटर वायरवरची घूं कापणार त्यांचा पॉवर अँप, प्रीअँप नव्हे. प्रीअँपने फक्त दोन पायांतून, म्हणजे त्या दोन तारांतून, सारखा इंपिडन्स द्यायचा.

ओसरीवरचा
हे माहीत नव्हतं. माझं ज्ञान एका दुकानदाराकडून आलेलं आहे आणि त्याच्याकडे चार गँगचे पॉट विकायला होते. 😀

कानसेन
सगळं ठीक, पण ऑपअँपमधून (अँपच्या तयार चिपमधून) गेलेला आवाज म्हणजे फ्रिजमधली भाकरी. करायचाच तर डिस्क्रीट, सुट्या ट्रान्झिस्टरांचा करा, जमल्यास व्हॉल्व्ह. ५५३२ वगैरे चिप मांडववाल्यांना शोभतात.

बुधवारपेठी
कानसेनराव, तुमच्याकडच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या रेकॉर्डिंगपैकी बहुतेक ज्या मिक्सिंग डेस्कमधून गेल्या असतील त्यांत हे ५५३२ आणि त्याचा भाऊ ५५३४ डझनांनी बसलेले असायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेला चिप आहे आणि अजून त्याला लाज वाटावी असं काही नाही. भाकरी तिथेच फ्रिजमध्ये गेली होती, तुम्ही घरी ती फक्त गरम करताय.

खटपट्या, ५५३२ घ्या पण बघून घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला मिळतो, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. पण हल्ली दुसऱ्याच चिपवरचं नाव खरवडून ५५३२ छापलेला मालही फिरतो. ओळखायची सोपी रीत: नुसता चिप ब्रेडबोर्डवर लावा, अधिक-उणे १५ व्होल्ट द्या, इनपुट ग्राउंडला बांधा आणि सप्लायच्या तारेत मीटर घालून करंट बघा. खरा ५५३२ साधारण ८ मिलीअँपिअर खातो. ३ च्या आसपास दिसला तर तो बहुधा ४५५८ आहे, वेश बदलून आलेला.

कानसेन
गरम केलेल्या भाकरीवर वाद घालत नाही. लोणी कुठलं ते सांगा.

ठाणेकर_काका
एक आगाऊ सूचना, अनुभवाची. ७८१५ आणि ७९१५ हे अधिक आणि उणे १५ व्होल्टचे रेग्युलेटर भाऊ दिसायला जुळे पण पाय वेगळे. ७८१५ ला डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१५ ला ग्राउंड, इनपुट, आउटपुट. मी २००९ साली गणपतीच्या सुट्टीत दोन्ही सारखेच लावले. स्विच चालू केला, दोन सेकंद शांतता, मग फट्, आणि एका कपॅसिटरची टोपी थेट नैवेद्याच्या ताटाशेजारी. घरात तेव्हापासून गणपतीच्या दहा दिवसांत सोल्डरिंग आयर्नला बंदी.

आणि हो, ७९१५ चा पत्रा म्हणजे इनपुट, ग्राउंड नव्हे. हीटसिंक बॉडीला टेकत असेल तर मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर पाहिजेच.

मधुरा_ज
काका, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

आमच्याकडे नवरा याच कामात होता दोन महिने. अंड्यांचा ट्रे घेऊन डायनिंग टेबलवर बसायचा, प्रत्येक खळग्यात १० केचे रेझिस्टर, मोजून, कागदाच्या चिठ्ठीसकट. ९.९९७, ९.९९८, असं. मी एकदा चुकून ट्रे हलवला तर तीन दिवस अबोला. रेझिस्टर एवढे मोजून काय मिळतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सौदामिनी
मधुरा, मी सांगते. खटपट्यांच्या डॅकसाठी जो बॅलन्स्ड इनपुट लागेल त्यात एक ऑपअँप आणि चार सारखे रेझिस्टर, असा साधा वजाबाकीचा सर्किट असतो. त्या चारांत जेवढा फरक तेवढी घूं निसटते. बाजारातले १ टक्क्याचे रेझिस्टर तसेच लावले आणि नशीब अगदीच वाईट निघालं, तर घूं फक्त ३४ डेसिबलने कमी होते, म्हणजे पन्नासावा हिस्सा उरतो. ०.१ टक्क्याचे लावले तर वाईटात वाईट ५४ डेसिबल. लेझरने आत रेझिस्टर कापून जुळवलेला दॅट कंपनीच्या १२४० सारखा तयार चिप घेतला तर ९० च्या आसपास. नवरा अंड्यांच्या ट्रेने त्या लेझरशी स्पर्धा करत होता.

पण एक गंमत: रेझिस्टर बोटांत धरून मोजला तर बोटांच्या उबेनेच आकडा सरकतो. साध्या मेटल फिल्मचा तापमान गुणांक ५० ते १०० पीपीएम (दर अंशाला दहा लाखांत तेवढे भाग) असतो, दहा अंशांनी गरम झाला की ०.०५ ते ०.१ टक्का तिथेच गेला. मगरीच्या चिमट्यात लावून, मिनिटभर थांबून मोजायचे.

आणि साध्या मीटरला १० के आणि १०.००१ के यातला फरक दिसतच नाही. त्यापेक्षा व्हीटस्टन ब्रिज करा, अकरावी-बारावीत केलेला तोच. चार रेझिस्टर, वरून १० व्होल्ट, मधल्या दोन बिंदूंमध्ये मीटर २०० मिलीव्होल्टवर. ०.०१ टक्क्याचा फरक पाव मिलीव्होल्ट दाखवतो. दोनशे-चारशे रुपयांच्या मीटरवरसुद्धा कळतो.

मधुरा_ज
म्हणजे हाताळल्यावर आकडे बदलतात हे त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याला सांगणार नाही.

खर्ज
रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), ही घूं कुठल्या स्वरात असते याचा कुणी विचार केलाय का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. पांढरी पाचचा (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) खालचा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे भारतातली घूं पांढरी पाचच्या किंचित वर, चढी. पांढरी पाचमध्ये तानपुरा लावून बसलं की शेजारी कुणीतरी बेसूर गुणगुणतंय असं वाटतं, आणि ते डोक्यात जातं. काळी एकमध्ये गायलं तर इतका त्रास होत नाही असा माझा अनुभव.

न्यूजर्सीकर
@खर्ज, आमच्याकडे ६० हर्ट्झ. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधोमध. कुठलाच सूर नाही. परदेशात गाणं का रुजत नाही याचं कारण आज कळलं.

खर्ज
😂😂

अडगळ
धागा रागदारीकडे वळायच्या आत: खटपट्या, व्हॉल्यूम शून्य केला तरी घूं जात नाही म्हणालात. डॅक निवडलेला असतानाही येते? टीव्ही बंद असताना?

खटपट्या
हो, स्विच कुठेही असू दे, व्हॉल्यूम कुठेही असू दे, तेवढीच. टीव्ही बंद असतानाही. म्हणूनच मला वाटलं की लांब वायर पकडतेय.

अडगळ
लांब वायर नाही. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स आहे का, आणि त्याला गच्चीवरच्या डिशची किंवा केबलवाल्याची वायर येते का? येत असेल तर आज रात्री एवढंच करा: ती गोल स्क्रूची वायर बॉक्समधून काढा आणि ऐका.

तुमचा रोटरी स्विच फक्त मधली तार बदलतो. आरसीएच्या बाहेरच्या कड्या, म्हणजे ग्राउंड, तिन्ही सॉकेटच्या डब्यात एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतील. म्हणजे डॅक निवडलेला असला तरी टीव्हीचं ग्राउंड आत आलेलंच आहे.

सौदामिनी
अडगळ +१. मी विचारायलाच हवं होतं.

ठाणेकर_काका
आणि काहीही करा पण पॉवर अँपच्या प्लगची मोठी पिन कापू नका. घूं जाते म्हणून लोक अर्थ, म्हणजे अर्थिंग, काढून टाकतात आणि वरून फुशारकी मारतात. एका ओळखीच्या मांडववाल्याने असंच केलं होतं, गायिकेने माईकला ओठ लावले आणि झटका बसला. बचावली, पण कार्यक्रम तिथेच संपला. अर्थ बॉडीला राहिलाच पाहिजे. आतलं ऑडिओ ग्राउंड बॉडीपासून थोडं दूर ठेवायचं असेल तर मध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर उलटसुलट दोन दणकट डायोड, ही पद्धत आहे.

खटपट्या
मंडळी, दंडवत.

काल रात्री पावणेबाराला डिशची वायर काढली. घूं गेली. म्हणजे इतकी गेली की अँप बंद पडला का म्हणून मी उठून लाइट बघितला. परत लावली, परत आली. तीन वेळा केलं. बायको म्हणाली पुरे, आता झोपा.

गच्चीवर जाऊन बघितलं तर डिशचा खांब रेलिंगला वेल्ड केलेला आणि रेलिंगवरून सोसायटीच्या वीजरोधकाची पट्टी खाली गेलेली. म्हणजे एक अर्थ तिथून, एक अर्थ माझ्या सॉकेटमधून, आणि मध्ये माझा सहा मीटरचा शील्ड दोघांत पूल बांधून बसलेला.

आता टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने घेतोय, पडून असलेला दुसरा छोटा डॅक लावून. प्रकाशातून अर्थ जात नाही. प्रश्न मिटला.

न्यूजर्सीकर
मग आता प्रीअँप कशाला?

खटपट्या
दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन झालेत.

बुधवारपेठी
याहून चांगलं कारण मी ऐकलेलं नाही. करा.

आता चार गँगचा प्रश्न. नको. चार गँगचे पॉट चारही बाजू सारख्या देत नाहीत, विशेषतः आवाज कमी असताना, आणि दोन पायांत फरक पडला की बॅलन्स्ड असल्याचा उपयोग संपला. त्यापेक्षा आत येताच वजाबाकी करून सिग्नल एकेरी करा, त्यावर साधा दोन गँगचा १० केचा लॉग पॉट, मग एक बफर (सिग्नल न वाढवता पुढे ढकलणारा टप्पा), मग बाहेर जाताना परत दोन पाय करा. आणि पॉटच्या आधी व नंतर कपॅसिटर घालायला विसरू नका. ५५३२ च्या इनपुटमधून २०० नॅनोअँपिअरच्या आसपास करंट येतो, १० केवर ते २ मिलीव्होल्ट होतात आणि पॉट फिरवताना खर्रखर्र ऐकू येतं. लोक पॉटला शिव्या देऊन नवा आणतात, नवाही खर्रखर्र करतो.

सौदामिनी
आणि एक्सएलआरची पहिली पिन. ती वायर बोर्डापर्यंत न्यायची नाही. शील्ड सॉकेटपाशीच, एक इंचाच्या आत, थेट डब्याच्या पत्र्याला. शील्डवरचा कचरा बोर्डाच्या ग्राउंडमधून गेला की तो ऑडिओत मिसळतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये यावर निबंध लिहिला, तेव्हापासून याला ‘पिन वनचं दुखणं’ म्हणतात. अजूनही महागड्या वस्तूंत सापडतं.

ओसरीवरचा
डबा कसला घ्यावा? मी अॅल्युमिनियमचा घेऊन ठेवलाय.

ठाणेकर_काका
अॅल्युमिनियम रेडिओचा त्रास थांबवतो, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थांबवत नाही. त्याला लोखंडी पत्रा लागतो. किंवा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात, फूटभर लांब. टोरॉइड (कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर) असेल तर स्क्रू सैल ठेवून हळूहळू फिरवत ऐका, एका कोनात घूं सर्वांत कमी होते, तिथे घट्ट करा. पण त्याचा मधला बोल्ट दोन्ही टोकांनी पत्र्याला टेकता कामा नये, नाहीतर तो स्वतःच एक वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

मधुरा_ज
आमच्या प्रीअँपचा डबा पूर्वी पोळ्यांचा होता. स्टीलचाच आहे. झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे, त्यामुळे मॉडेलचं नाव आपोआप मिळालं.

ठाणेकर_काका
पोळ्यांच्या डब्याला घरातला चुंबक लावून बघा. चिकटत नसेल तर चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने तो अॅल्युमिनियमच.

मधुरा_ज
चिकटत नाही. 😐 नवऱ्याला हेही सांगणार नाही.

खटपट्या
दोन महिन्यांनी येतोय, माफी.

झाला एकदाचा. झीरो बोर्डवरच (तयार भोकांच्या बोर्डावर) केला, पीसीबीच्या भानगडीत पडलो नाही. रेगुलेटर काकांची पोस्ट समोर उघडी ठेवून लावले. सौदामिनी म्हणाल्या तसा ब्रिज करून पन्नास रेझिस्टरमधून चौकड्या काढल्या, चिमट्यात लावून, मिनिटभर थांबून. शेवटच्या एका रेझिस्टरच्या जागी ९.७६ के आणि ५०० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने बारीक फिरवायचा छोटा पॉट) टाकला. मग बॅटरीवरच्या फोनमधून ५० हर्ट्झचा स्वर दोन्ही पायांत एकत्र सोडला आणि आउटपुटला हेडफोन अँप लावून प्रीसेट फिरवत गेलो. एका जागी तो स्वर विझत विझत नाहीसाच होतो. ते ऐकायची मजा शब्दात येत नाही. मुलीला बोलावून दाखवलं, तिने विचारलं, “आवाज बंद करायला एवढं?”

पहिल्या दिवशी एक चॅनल गरम होत होता, चिपला बोट लावता येईना. सप्लायच्या पायांजवळचे १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर मी बोर्डाच्या टोकाला, दोन इंच लांब लावले होते. चिपच्या पोटाशी आणले, आणि आउटपुटला १०० ओहम टाकले, थंड झाला.

मग वाजवायला लावलं तर तबल्याचा बायाच गायब. दायां टणटणीत, आणि बाया शेजारच्या खोलीत. तासभर चिपला, सप्लायला, कानसेनांच्या भाकरीला दोष दिला. शेवटी उजव्या एक्सएलआरमध्ये पिन दोन आणि तीन उलट निघाल्या. एक स्पीकर ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. बदलल्या आणि बाया हॉलमध्ये परत आला.

कानसेन
भाकरीचा उल्लेख झाला म्हणून विचारतो, आवाज कसा आहे?

खटपट्या
खरं सांगू? जुन्या डब्यासारखाच आहे. डिशची वायर काढल्यावर होता तसाच.

एक राहिलंय. बेडरूमचा पंखा दोन किंवा तीनवर असला की अगदी बारीक झर्रर्र येतं. पाचवर नाही, बंद असताना नाही.

अडगळ
इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे? ट्रायॅकवाला. तो दर अर्ध्या लाटेला वीज कापतो, त्याची झर्रर्र. पाचवर कापतच नाही म्हणून येत नाही. कपॅसिटरवाला, पायऱ्यांचा रेग्युलेटर लावा, जाईल.

खटपट्या
म्हणजे परत प्रीअँपचा दोष नाहीच.

असो. ब्रिजवर मोजलेले, चिठ्ठ्या लावलेले ३४ रेझिस्टर उरलेत. पुण्यात कुणाला हवे असतील तर घेऊन जा, फुकट. फक्त अंड्यांचा ट्रे परत हवाय.

ओसरीवरचा
मी येतो रविवारी. येताना चार गँगचा पॉट आणू का? माझ्याकडे दोन पडून आहेत.